नक्कल घासणारा

वेलचेरी स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याला मी घराची एकुलती एक चावी दिली. ती गच्चीच्या कुलपातही थोडी फिरायची. "हीच जरा घासून द्या, गच्चीलाही लागेल अशी," मी म्हटलं.

एक डोळा मिटून त्यानं ती उन्हात धरली. "बिघडली तर घरात कसे शिरणार, सार? आधी नक्कल करू. नक्कल घासू."

त्याच सकाळी आमच्या कॉलेजातल्या व्याख्यानात एका पाहुण्या विद्वानांनी शाल पांघरून दीड तास हेच सांगितलं होतं: जनुकाची नक्कल होते, मूळ जनुकाचं एन्झाइम जुनं काम सांभाळतं, नक्कल बदलत बदलत नवं शिकते. मी चावीवाल्याला ते ऐकवलं.

"तिथं घासतं कोण?"

"कोणी नाही. चुका होत राहतात, एखादी जमते."

त्याची कानस थांबली. "अय्यो! मग किती चाव्या वाया जात असतील!"

माझ्या दोन्ही चाव्या नीट लागल्या. वाया गेलेल्या नकलांसाठी मात्र त्या दीड तासात कुणी हळहळलं नव्हतं.