सुधाकरची न दिलेली रायफल

नलिनी वहिनींचा फोन ऑफिसात आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. नागपूरच्या कॉलेजपासूनचा माझा मित्र सुधाकर मेश्राम गॅरेजमध्ये लेथपाशीच कोसळला होता. हार्ट अटॅक. त्याला जाऊन आता काही आठवडे झालेत, तरी इथे टेक्सासमधल्या प्लेनोत त्याच्या घरावरून ड्राइव्ह करताना पाय आपोआप ब्रेकवर जातो.

शहाऐंशीत तेलाचे भाव कोसळले आणि ड्रिलिंगचे पार्ट बनवणाऱ्या त्याच्या कंपनीने माणसं कमी केली. सुधाकरने दुसरीकडे अर्ज केले नाहीत. रीतसर लायसन्स काढलं आणि रानडुकरांच्या शिकाऱ्यांसाठी रायफली बनवायला लागला. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढावी, अशा. पण मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या. जड काडतुसाच्या दणक्याने असली यंत्रणा लवकर खिळखिळी होते, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला जात नसे. हा गेला. गिऱ्हाइकाच्या खांद्याला दस्ता लावून शिंप्यासारखी मापं घ्यायचा. स्वतः मात्र कधी शिकारीला गेला नाही.

वहिनींना हे सलत होतं. एकदा बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांसमोरच म्हणाल्या, "अहो, जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आपण कुणासाठी म्हणतो?"

"नलू, डुकरं अख्खं शेत उकरून टाकतात."

"आणि उद्या कुणी माणसावरच चालवली तर?"

त्या दिवशी सुधाकर नीट जेवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी बिल नावाचं गिऱ्हाईक आपली रायफल न्यायला आलं. गुरं पाळणारा, धिप्पाड माणूस. नुकतीच बायको गेलेली. मी तिथेच बसलो होतो. एरवी दहा प्रश्न विचारणाऱ्या बिलने रायफल खांद्याला लावूनसुद्धा पाहिली नाही. म्हणाला, "बरोबर एक गोळी दे. एक पुरे."

सुधाकरने त्याच्याकडे पाहिलं, रायफल त्याच्या हातून काढून घेतली आणि म्हणाला, "स्प्रिंग बदलायचीय. शनिवारी ये." मग त्याला आत नेऊन वरणभात वाढला, समोर बसून खायला लावला. बिल गेल्यावर मी म्हटलं, "अरे, स्प्रिंग तर ठीक होती ना?" "होती यार," तो म्हणाला. आणि त्याने ह्यूस्टनला बिलच्या मुलीला फोन लावला. ती लगेच निघाली. काही दिवस बापाजवळ राहिली, घरातल्या बाकी बंदुकाही तिने हलवल्या.

पुढचे कितीतरी शनिवार ती स्प्रिंग बदलायचीच राहिली. बिल यायचा, कॉफी प्यायचा, आधी बायकोबद्दल, मग गुरांबद्दल, मग पावसाबद्दल बोलायचा... आणि रिकाम्या हाताने परत जायचा.

मागच्या शनिवारी आम्ही गॅरेज आवरत होतो. रायफली एका डीलरकडे जायच्या होत्या. बिल लेथ उचलायला आला होता. वहिनींनी त्याची रायफल पुढे केली आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "याची स्प्रिंग कधीच खराब नव्हती. ते खोटं बोलत होते."

बिलने रायफल घेतली नाही. "ठाऊक होतं, मॅम," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. पण शनिवारी माझी वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं."

वहिनींनी रायफल डीलरच्या ढिगात ठेवली. हात धुतले. मग चहाचं आधण चढवत, मागे न बघता म्हणाल्या, "नेक्स्ट सॅटर्डे... यू कम."