व्हिसासाठी फॅमिली फोटो

मंडळी, आज इतकी शरम वाटतेय की लिहूनच टाकते.

माझा नवरा टोमास पोर्तुगालचा. त्याच्या इथल्या व्हिसासाठी आमच्या शहरातल्या मुरार भागातले वकील म्हणाले, "टूरिस्ट वीज़ा छोड़िए, पति वाला भरिए. साथ में परिवार का फ़ोटो भेजिए."

आईने चंदेरी नेसली, काका-काकू शहरातल्याच कंपू भागातून आले. सगळे सोफ्यापाशी जमल्यावर मी सवयीने मोबाइल टोमासच्या हातात दिला. आमच्याकडच्या पूजा-बारशांचे फोटो तोच काढतो. त्याने काढला. "छान आलाय!" आई म्हणाली. मी लगेच पाठवला.

वकिलांचा फोन आला. "मैडम, इसमें पति कहाँ हैं?"

मी टोमासला विचारलं, "तुझ्या लक्षात नाही आलं?"

"आलं ना. पण तुम्ही सगळे खूश होता."

आता दुसरा फोटो काढलाय. त्यात तो मधोमध आहे. मलाच त्याच्या शेजारी उभं राहवेना. तुम्ही असतात तर काय केलं असतं?