दहावं काडतूस

“लाल निशाण! अरे, चार नंबरला लाल निशाण! हुकला! इस्माईल हुकला!”

पंच घसा फाटेस्तोवर ओरडत होता. खाडीतले बगळे उठले, मांडवातल्या कपबशा थरथरल्या आणि नेमबाजांच्या पाठीमागे बसलेल्या हजार माणसांनी — बरं, चारशे... बरं, दीडशे असतील — एकदम ‘आऽऽ’ केलं. त्या सगळ्या गलक्यात एकच माणूस गप्प होता. पाच नंबरवर पालथा पडलेला, उजवी मूठ पोटाखाली दाबून. तो मी.

त्या मुठीत काय होतं, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, हार घालणाऱ्यांना नाही, आणि ज्या शाळांमधून ‘नेमबाजीतली माझी वाटचाल’ यावर दीड-दीड तास पोरांना ताटकळत ठेवलं, तिथे तर नाहीच नाही. एका माणसाला सांगितलं — आणि त्यालाही सांगायला बारा वर्षं लागली. आता तुम्हाला सांगतो. जवळ या जरा. नको, इतकंही जवळ नको; तुमच्या तोंडाकडे बघत हे सांगणं मला जमायचं नाही.

माझं नाव तुम्ही ऐकलेलं असेल. नसेल, तर त्यात दोष तुमचा. जिल्ह्याचा विजेता पाच वेळा, मुंबईत दोनदा, दिल्लीत एकदा. दिल्लीचं पदक एवढं जड, की भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येताना लाँच एका अंगाला कलली आणि सारंगानं मला उचलून मधोमध बसवलं. उडत्या बगळ्याच्या चोचीतला मासा मी बगळ्याला न दुखावता पाडला, ही गोष्टही कानावर आली असेल. खोटी आहे. मीच पसरवली. डोळे मिटून नारळाचा देठ तोडला — तीही माझीच. जन्मभर गोष्टींत मीठ घालत आलो. पण ही एक आहे तशी वाढतो आहे. अळणी लागली तर लागू दे.

आता पहिला प्रश्न. मला बंदूक धरायला शिकवलं कुणी?

इस्माईलनं.

बोर्लीच्या अलीकडे आमचं गाव. वरच्या आळीत आम्ही भातशेतीवाले, खाली दर्याला लागून मोहल्ला. इस्माईलचे वडील तांडेल, स्वतःच्या मचव्यावरून भाताच्या गोणी नि विटा मुंबईला नेणारे. त्यांच्याकडे ठासणीची एक बंदूक होती. भात पोटरीला आलं की डोंगरातून रानडुकरं उतरायची, आणि सगळा गाव इस्माईलकडे धावायचा. त्याचा डोळा म्हणजे काय सांगू तुम्हाला! खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं की ते कुणाचं, हे तो शिडाच्या ठिगळावरून सांगायचा. तांडेल दाढी करून आलाय की तसाच, हेसुद्धा. हे मी वाढवून सांगतोय असं वाटतं? अर्धं वाढवलंय. ठिगळाचं खरं आहे.

बांधावर मला पालथा घालून, माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणायचा, “दाम्या, श्वास सोड, नि थांब. म्हशीवानी फुसफुसू नको. गोळीला घाई न्हाय, तुला हाय.” तीन पावसाळे त्यानं मला असं शिकवलं. मोबदला काय घेतला? माझ्या आईच्या हातच्या तांदळाच्या तळलेल्या बोरांची बरणी. तीही अर्धी मीच खाल्ली.

मग स्वराज्य आल्यावर सात-आठ वर्षांनी जिल्ह्याची नेमबाजीची स्पर्धा निघाली. थ्री-नॉट-थ्रीची खरी रायफल, दोनशे यार्डांवर टारगेट, दहा गोळ्या. पहिला येणारा एकटा मुंबईला जाणार — जिल्ह्यातून एकच. इस्माईलनं मुंबईसाठी निळा कोट आधीच शिवून घेतला होता. घमेंड म्हणून नव्हे हो. त्याला खात्रीच होती, जशी भरतीची असते.

स्पर्धा रेवसच्या बाजूला, खाडीकाठच्या खाजणात. आठ टारगेटं एका ओळीत, त्यांच्यामागे मातीचा उंच बांध, बांधामागे खाडी. टारगेटांच्या खाली खंदकात माणसं बसलेली. आपण गोळी झाडली की ती टारगेट खाली ओढायची, भोकावर भाताच्या खळीनं कागद चिकटवायची आणि पुन्हा वर सोडायची. गोळी मधोमध लागली असेल तर पांढरी चकती वर. टारगेटाला कुठेच लागली नसेल तर लाल निशाण. टारगेटांवरचे आकडे खडूनं काढलेले. सकाळच्या दवानं ते धुऊन गेले. तेव्हा आपलं टारगेट कुठलं, हे ज्यानं त्यानं आपापल्या हिशेबानं लक्षात ठेवायचं. मी शेतकऱ्याचा पोर — रोपांच्या ओळी मोजाव्या तसा डावीकडून मोजायचो. एक, दोन, तीन, चार, पाच. दर गोळीला मोजायचो. इस्माईल हसला.

“मोजत काय बसतोस? माझ्या टारगेटाच्या बराब्बर मागं ती डोलकाठी बघ. खूण धरली, सुटलो.”

बांधाच्या वर खरंच एका मचव्याची डोलकाठी दिसत होती. दर्यावरची माणसं अशीच वाट काढतात — हा माड त्या टेकडीच्या रेषेत आला की इकडे वळायचं, ते देऊळ त्या कड्याआड गेलं की तिकडे. सुकती होती, खाडीचं पाणी ओसरलेलं. मचवा चिखलात असा रुतलेला, की घर म्हणाल. त्याचे खलाशी स्पर्धेपुरते खाली उतरवलेले, आमच्याच मागे तंबाखू मळत बसलेले.

पण उद्घाटनाचे साहेब तीन तास उशिरा आले. मग भाषण. मग चहा. मग साहेबांची गोळी — ती कुठे गेली ते अजून सापडलेलं नाही. आणि तेवढ्यात खाडीला भरती लागली.

तुमच्या लक्षात आलं ना? मला तुमच्याएवढं लवकर नाही आलं.

आठही जण झाडत होतो. बाकी सहा जण केव्हाच मागे पडले होते. इस्माईलच्या नऊ गोळ्या, नऊ पांढऱ्या चकत्या. माझ्या नऊ, नऊ चकत्या. (हे खरं आहे. हवं तर मोहल्ल्यात विचारा.) दहावी मी रायफलीत भरली, डावीकडून मोजलं, श्वास सोडला, थांबलो — आणि माझ्या टारगेटाच्या बराब्बर मागे मला एक डोलकाठी दिसली.

मघाशी नव्हती तिथे.

मचवा पाण्यावर उचलला होता आणि नांगरावर हळूच वळत होता. बाजूला बघितलं. इस्माईल गालाला दस्ता लावून, एक डोळा मिटून, सुखात. कानात कापसाचे बोळे. त्याची रायफल तसूभर उजवीकडे सरकली होती. डोलकाठीमागे.

आता बघा, इथवर मी तुम्हाला फिरवत आणलंय, कारण पुढचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. मी त्याला सांगितलं नाही. ‘इस्मा, खूण सरकली’ — तीन शब्द. कानात बोळे होते? हातभर अंतरावर होता, पाय मारला असता तर कळलं असतं. ओळीत बोलायला मनाई होती? मी त्या दिवशी सकाळपासून बोलतच होतो, पंचानं दोनदा दटावलं होतं. भीती वाटली? कसली? नाही. मी बघत राहिलो. याची हुकते का, एवढंच बघत राहिलो. आणि बघण्याच्या नादात माझी स्वतःची गोळी झाडायची राहिली.

धाड! इस्माईलचा बार झाला. माझं टारगेट खाली गेलं. अरे, माझं का? मी तर... मी झाडली का? माझा मलाच भरवसा वाटेना. शेजारी धाडधाड चाललेलं, खांदा नऊ बारांनी बधिर. मग शिट्टी झाली, वेळ संपली. माझं टारगेट वर आलं, त्याच्यासमोर पांढरी चकती — मधोमध, माझ्या नऊंपेक्षा मधोमध. आणि चार नंबरवर लाल निशाण.

पंच माझ्याकडे पोचायच्या आत मी रायफलीचा बोल्ट मागे ओढला. काडतूस हातात पडलं. आख्खं, गार; म्हणजे माझ्या टारगेटातली दहावी गोळी इस्माईलची. बाकीची नऊ रिकामी गवतात गरम पडलेली, आणि हे एक गार. ते मुठीत धरलं, मूठ पोटाखाली घेतली, आणि तोंड असं केलं की जणू काही मला आनंद झालाय.

मागे नोंद करणारे तलाठी होते. त्यांचं लक्ष समोर. सगळ्यांचंच समोर असतं. नेमबाजाच्या हाताकडे कोण बघतं? नुसता हात वर केला असता तर मिटलं असतं. पण तेवढ्यात पंच आला, साहेब आले, झेंडूचा हार आला. आणि सर्वांच्या पुढे कोण आला असेल? इस्माईल. कानातले बोळे काढत, डोळा चोळत. क्षणभर स्वतःच्या रायफलीकडे बघितलं, मग मला खांद्यावरच उचललं आणि अख्ख्या खाजणाला ओरडून सांगितलं, “मी शिकवलाय ह्याला! मी!”

त्याच्या खांद्यावर बसून मी हात हलवत होतो. डावा. उजव्यात काडतूस होतं.

आठवड्यानं तो निळा कोट घेऊन घरी आला. मुंबईला सदऱ्यावर जातोस काय म्हणाला. बाह्या मला आखूड झाल्या. मी तो घालून गेलो, खिशात ते काडतूस घेऊन, आणि मुंबईत चौदावा आलो. पण भीतीनं माणूस काय करत नाही? आता कुणी ‘झाड बघू’ म्हणालं तर? म्हणून घरी आल्यावर रोज पहाटे उठून सराव. पावसात, चिखलात, लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा. पुढची पदकं माझी आहेत, त्यांत काही लबाडी नाही. पण प्रत्येक हारामागे कुणीतरी म्हणायचं, ‘पहिल्याच स्पर्धेत दहापैकी दहा!’ — आणि मी मान खाली घालायचो. लोकांना वाटायचं, विनय.

आणि इस्माईल? त्यानं ठरवलं, आपला डोळा गेला.

बोर्लीच्या बाजारात एक चष्मेवाला पेटी घेऊन बसायचा. एकेक घालून बघायचा, जो आवडेल तो आपला. इस्माईलनं एक घेतला, कानामागून दोरा बांधला. त्या हिवाळ्यात चष्म्यातून डुकरावर नेम धरला आणि आमच्या गवताच्या उडवीला गोळी घातली. नेम गेला म्हणून आणखी जाड चष्मा घेतला. जाड चष्म्यातून एका डुकराची दोन दिसली, तो मधोमध झाडून मोकळा. मग त्याहून जाड. शेवटी बंदूक माळ्यावर टाकली. नमाजाला नि झोपेला काय तो चष्मा उतरायचा; बघायच्या कामाला कधी उतरला नाही. गावात कुणाची एसटी चुकली, कुणाचं दूध उतू गेलं, तरी पोरं ओरडायची — ‘चार नंबर! चार नंबर!’ इस्माईलही हसायचा. मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसायचं, विचारा.

डुकरं आली की आता गाव मला बोलवायचा. मी जायचो, वाटेत त्याच्या घरावरून. तो पडवीत जाळं विणत बसलेला, नाक जाळ्याला टेकवून. “श्वास सोड रे, दाम्या,” मागून सांगायचा. बारा वर्षं. रोज सांगता आलं असतं. मी पहिल्याच दिवशी कसा गप्प राहिलो हे सांगितलं, बाकीच्या दिवसांचं काय सांगू?

गेल्या वर्षी, दिल्लीहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी गेलो. पदक घरीच ठेवलं. खिशातून काडतूस काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं — हाताळून हाताळून पितळी तांब्यासारखं लखलखीत झालेलं — आणि सगळं सांगितलं. डोलकाठी, भरती, मूठ. मी ते बघत होतो, हेही. एकदाही वाढवलं नाही.

त्यानं काडतूस उचलून हातावर तोललं. जाळं बाजूला सारलं.

“मधोमध लागली व्हती?”

“मधोमध.”

त्यानं कानामागचा दोरा सोडला आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. नाकावर दोन्ही बाजूंना खोल वळ पडले होते. खाडीच्या तोंडाशी एक शीड दिसत होतं. त्यावर त्यानं नजर लावली.

“अब्दुल्लाचा मचवा हाय,” म्हणाला. “ठिगळ नवं लावलंय.”

मग माझ्याकडे वळला.

“मग ह्यो चष्मा मी कशाला लावला?”