गादीविना तख्त

माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, हे कचेरीच्या आवारात सर्वश्रुत आहे. शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी सव्वीस वर्षे मी लोकांची गाऱ्हाणी शासनाच्या भाषेत मांडत आलो. एकच अर्ज परत आला, आणि तो परत करणारे माझे सख्खे थोरले बंधू होते.

दादा हिंगण्याच्या एका कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या यंत्रावर होते. पाळी संपली की व्हायोलिन वाजवीत. निवृत्तीपर्यंत दोन्ही कान जवळजवळ गेले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दिलेल्या श्रवणयंत्रातून बोलणे कळते, परंतु सूर भांडी आपटल्यासारखे येतात. म्हणून वाजवताना ते यंत्र खिशात ठेवतात. आपल्याकडे व्हायोलिन मांडी घालून वाजवतात; दांडीचे टोक पायाच्या घोट्यावर टेकलेले असते. दादांना सूर त्या हाडातून कळतो. तानपुरा आणि तबल्याची थरथर तख्ताच्या फळ्यांतून अंगात येते. मध्ये गादी आली की मात्र ते खरोखर बहिरे होतात.

गतवर्षी वस्तीतील संगीत मंडळाने कानांचे कारण देऊन त्यांचे नाव वार्षिक संगीतसभेतून वगळले. मी तातडीने अर्ज लिहिला: अर्जदार श्रवणदोषाने पीडित असून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.

दादांनी तो वाचला. "पीडित कोण गा?"

"अर्जाची भाषाच तशी असते, दादा."

"मी भीक मांगून राहिलो का? खोड ते. लिही, गादी काढा, खरा तानपुरा ठेवा, मशीनचा नको. मी वाजवणार आहे. बस."

"नम्र तरी राहू द्या."

"काहून? चाळीस वर्षं काय नम्र होऊन वाजवलं?"

विनंती नसलेला अर्ज मी आयुष्यात प्रथमच लिहिला. मंडळाच्या सचिवांनी तो आम्हा दोघांसमोर दोनदा वाचला. "भाऊ, हा अर्ज आहे का नोटीस? अन् बेसूर झालं तर?"

दादांनी यंत्र कानात घट्ट बसवले. "तर हात धरून खाली उतरवा मले. सगळ्यांसमोर."

सचिवांनी होकार दिला. तथापि सभेच्या दिवशी तख्तावर पांढरी गादी अंथरलेलीच होती. दादा बसले नाहीत. त्यांनी स्वतः वाकून गादी गुंडाळायला घेतली. सचिव धावत आले. "शोभा जाते हो स्टेजची!"

"गादी झोपाले लागते, वाजवाले नाही!"

श्रोते हसले. मी दुसरे टोक धरले. उघड्या फळ्यांवर बसून दादांनी यंत्र खिशात टाकले, तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तळहात ठेवून व्हायोलिनच्या तारा जुळवल्या आणि अर्धा तास वाजवले. एक निषाद किंचित उतरला. तो त्यांच्याच प्रथम ध्यानात आला. पुढच्या आवर्तनात त्यांनी तोच स्वर मुद्दाम लांबवून खणखणीत लावला.

वादन संपल्यावर त्यांनी पहिल्या रांगेतल्या सचिवांपुढे हात केला.

"उतरवता का?"

सचिवांनी नकारार्थी मान हलवली. दादांनी व्हायोलिन पुन्हा घोट्यावर टेकवले.