वर्ष सरायच्या आधीचा घास

माझी बायको गेली तेव्हा नात अंगावर पीत होती. माणसं रडली, जेवली, गेली. जाताना दंडक तेवढा ठेवून गेली: वर्षभर या घरात शुभकार्य न्हाई.

पोरीला सातवा महिना लागला. सुनेचं दूध पुरेना. अंगणवाडीच्या बाईनं वजन केलं अन् म्हणाली, "आता वरचं खायला सुरू करा, पोरगी वाढंना." पोरगी तर आमच्या ताटाकडं बघून नुसतं तोंड हलवायची. पण आमच्याकडं उष्टावण झाल्याबिगर लेकराच्या तोंडात शीत घालत न्हाईत, अन् उष्टावणीचा घास भरवायचा मामानं. सुनेचा भाऊ पूर्णेला असतो. त्याला फोन लावला.

"आई नको म्हणायलीय. तुमच्याकडं वर्स सरलं न्हाई अजून," तो म्हणाला.

वर्ष सरायला अर्ध्याहून जास्त बाकी होतं. तवर पोरीनं काय करावं, हे कुणी सांगंना. मुलगा म्हणाला, "दादा, लोक बोलतील." सून पदरानं डोळे पुसत बसली.

मीच उठलो. मुगाची डाळ अन् तांदूळ गॅसवर ठेवले. जन्मात कधी भात लावला न्हाई. तेवढ्यात शेजारच्या घरातून माझी थोरली भावजय आली.

"भावजी, हे काय करायलाव?"

"पोरीला जेवण."

"मयताच्या घरात उष्टावण? कळत न्हाई का तुमाला?"

"उष्टावण कोण करायलंय? लेकरू उपाशी हाय."

"गेली तिच्या जिवाला काय वाटंल वरी?"

"वहिनी, ती जित्ती असताना तिला काय वाटतंय, हे तुमी एकदा तरी इचारलं का?"

वहिनीनं तोंड फिरवलं. पण पातेल्यात डोकावल्याशिवाय तिला राहवलं न्हाई. "अन् एवढं कमी पाणी? लेकराला काय खडे चारताव?"

मी तांब्याभर पाणी वतलं. भात पार गाळ होऊस्तर शिजवला, वाटीत घोटला, निवू दिला. पोरीला मांडीवर घेतलं अन् बोटानं चाटवला. तिनं थुंकला. दुसऱ्यांदा चाटवला तर बोटच धरून ठेवलं. ते बघून वहिनी उठली अन् चालती झाली.

त्या दिवसापासून ती आमच्याकडं आली न्हाई. गावात सांगत फिरते, म्हाताऱ्यानं बायकोचं वर्स बाटवलं. सांगू द्या. माझी बायको दारात आलेल्या कुत्र्यालाही उपाशी लावून देत नव्हती, अन् तिच्याच नावानं तिच्या नातीला उपाशी ठेवायला निघाले होते हे लोक.

आता वर्षश्राद्ध येईल. भाऊबंद म्हणायलेत, आमी पानावर बसणार न्हाई. नका बसू. त्या दिवशी कावळ्याचं पान नंतर ठेवीन. आधी पोरीला भरवीन, अंगणात, सगळ्यांना दिसंल असं.