डॉक्टरकाकांचं दुमडलेलं बोट

डॉक्टरकाकांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही पक्ष्याला सरळ बोट दाखवलं नाही. वेलीवरच्या कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे ते लहानपणी कोकणात शिकलेले. सगळी नोकरी इंग्लंडच्या हॉस्पिटलांत झाली, तरी ते काही बोटातून गेलं नाही. उलट भोपळ्याचा नियम त्यांनी पक्ष्यांनाही लावला. तर्जनी दुमडून नुसतं पेर पुढे करायचे, आणि ते नेमकं कुठे रोखलंय हे कळेस्तोवर पक्षी पसार! त्यांच्यासोबत लंडनमधल्या ईलिंगच्या बागेत फिरून मी पक्ष्यांपेक्षा रिकाम्या फांद्याच जास्त पाहिल्या.

पुढे त्यांनी काढलेले पक्ष्यांचे फोटो धूसर यायला लागले. "कॅमेराच जुना झालाय," म्हणायचे. जुने झाले होते डोळे. एक तर आधीच गेलेला. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं आणि "आता फर्स्ट क्लास दिसतं" असं ते इतक्यांदा सांगू लागले, की काकूंना ते मुळीच खरं वाटेना.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतात गं," त्या हळूच म्हणाल्या.

त्या वसंतात मी त्या दोघांबरोबर स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. एका सकाळी दगडगोट्यांनी भरलेल्या शेतासमोर काका थबकले. पेर पुढे झालं.

"करवानक! त्या व्हाइट स्टोनच्या लेफ्टला. बसलाय बघ."

मी पाहिलं, काकूंनी पाहिलं. नुसते दगड. काका मात्र हातानं लेन्स फिरवून, स्वतःच्या नजरेनं फोकस जुळवून फोटो काढत सुटले. काकूंनी तोंड फिरवलं.

हॉटेलात चहा घेताना मी त्यांच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यात फोटो मोठा करून पाहिला. दगडांतला एक दगड पिवळ्याधमक डोळ्यानं माझ्याकडे बघत होता! पिसांवरची रेघन् रेघ स्वच्छ. काकूंनी कॅमेरा ओढून घेतला, पाहिला आणि चक्क रडायला लागल्या. "दिसतंय गं ह्यांना, खरंच दिसतंय!" इतकं हायसं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

"अहो, मग आता तरी सरळ बोट दाखवत जा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आम्हालाही दिसू दे."

काका दचकलेच. "छे छे! आत्ता कुठे दिसायला लागलंय. आत्ताच बोट दाखवू?"

ते दिसणं त्यांना शेवटपर्यंत पुरलं. आता ईलिंगच्या त्याच बागेत मी माझ्या लेकीला पक्षी दाखवते. "व्हेअर, आई? नीट दाखव ना!" ती वैतागते.

माझं बोट काही सरळ होत नाही.