मुलुंडच्या चढावर सात नऊवाऱ्या

चारकोपहून निघताना नवऱ्याने व्हॅनमध्ये ठेवायला तांदळाचं पोतं आणलं. "या गाडीला मागची चाकं ओढतात. मागून हलकी असली की पावसात ढुंगण हलवते. त्यापेक्षा माझी छोटी गाडी ने. तिला पुढची चाकं ओढतात, इंजिनाचं वजनही त्यांच्यावरच. ओल्यात पकड बरी."

"माझ्यामागे सहा बायका बसणारेत. पोतं कशाला?" मी म्हटलं आणि पोतं परत घरात पाठवलं.

छोट्या गाडीने दोन खेपा कराव्या लागल्या असत्या, आणि शेजारची सुनीता दोन्ही खेपांना काहीतरी कारण सांगून मागे राहिली असती. तिच्या लेकीने, रुचाने, स्वतःच्या मनाने लग्न केलं. सुनीता लग्नाला गेली नाही, नंतर मुलुंडच्या सासरीही कधी नाही. आता रुचाची पहिली मंगळागौर होती. मंगळवारची पूजा सगळ्यांच्या सोयीने रविवारी ठेवलेली, दुपारी खेळ करायला आमचा ग्रुप बोलावलेला, त्यात सुनीताही. रुचाने मला फोन केला होता, "मावशी, आईला आणशील ना?" आणते म्हटलं होतं मी. कशी, ते माहीत नव्हतं.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागलो आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली. वायपर धापा टाकायला लागले. मी पुढच्या बसपासून लांब राहिले, ब्रेकवर पाय न देता गिअर उतरवत वेग कमी केला. पवईजवळ साचलेल्या पाण्यावरून स्टिअरिंग एकदम हलकं लागलं. चाकं पाण्यावर तरंगली होती. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, ब्रेक नाही मारला. क्षणभराने पकड आली. माझी पाठ घामाने भिजली होती.

"परत फिरूया ना," सुनीता मागून म्हणाली. "रुचाला सांगते फोन करून. एवढा पाऊस आहे, ती समजून घेईल."

"गपचूप बस गं."

भांडुपला टपरीवर चहा आणि कांदाभजी घेतली. सुनीताने भजीला हात लावला नाही. टपरीवाल्याने विचारलं, "वर डोंगराच्या बाजूला चाललात? पाइपासाठी रस्ता खोदलाय. सांभाळून."

सांभाळूनच गेले, तरी सोसायटीच्या अलीकडच्या चढावर व्हॅन लाल चिखलात रुतली. मी काही बोलायच्या आत सगळ्या पटापट खाली. गाडी अडली की उतरायचं, हे आपल्या अंगातच मुरलेलं. नऊवाऱ्या वर खोचून, सुपं डोक्यावर धरून सहाजणी पावसात उभ्या. मी गिअर टाकला. मागची चाकं जागच्या जागी गरगरली आणि सगळा चिखल त्यांच्या साड्यांवर.

"देवालाच नको असेल," सुनीता म्हणाली आणि येणाऱ्या रिक्षेला हात करायला लागली. "मी जाते घरी. तुम्ही व्हा पुढे." इतक्या जवळ येऊन ही परत गेली तर पुन्हा येणार नव्हती. रिक्षावाल्याने चिखल बघितला आणि खालूनच वळला. जीव भांड्यात पडला, आणि तेव्हा कुठे मला ते पोतं आठवलं.

"सगळ्या आत या. अगदी मागे बसा, चाकांवर."

"आता चढान काय करूचा (चढून काय करायचं)?" आमच्यातल्या थोरल्या मालवणच्या शालूताई म्हणाल्या. "गाडी आधीच रुतली हा."

"पोतं व्हायचं."

हसत-ओरडत पाचजणी मागे चेंगरून बसल्या. चाकांनी थोडी पकड घेतली, पुन्हा घसरली. सुनीता बाहेरच.

"ये गं," मी म्हटलं. "तुझ्याशिवाय नाही चढायची."

तिने माझ्याकडे बघितलं. मग छत्री मिटली आणि चिखलाच्या पायांनी शालूताईंच्या मांडीवरच येऊन बसली. दुसरा गिअर, क्लच हळूहळू. व्हॅन कुरकुरली, हलली, निघाली. गेटपर्यंत मी थांबलेच नाही.

रुचा गेटवर भिजत उभी होती. सुनीता उतरली, जागीच थांबली. "साडीचा पार कचरा झाला गं," एवढंच बोलली.

"माझी नेस," रुचा म्हणाली. बादली आणून तिने स्वतः आईचे पाय धुतले. आम्ही बाकीच्या उगाच सुपं पुसत बसलो. नंतर फुगड्या घातल्या, पिंगा घातला. सुनीता दोन्हीत होती, लेकीच्या साडीत.

संध्याकाळी उजेड असताना निघालो. पहिल्या गिअरमध्ये चढ उतरले. पवईच्या वळणावर व्हॅन मागून जराशी सरकली. अॅक्सिलरेटर सोडून अलगद सावरली.

"मागे सुनीता नाय ना," शालूताई म्हणाल्या आणि सरकून तिच्या जागेवर बसल्या.

घरी नवरा खाली वाट बघत होता. त्याने आधी व्हॅन बघितली, मग उतरणाऱ्या बायका.

"सुनीता कुठाय?"

"राहिली लेकीकडे," मी म्हटलं आणि व्हॅनच्या पायरीवर बसून, बरं वाटून, खूप रडले.